चौऱ्याहत्तरवर अडलेली दीपमाला

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोरच्या टिनाच्या शेडात चौदा वर्षं एकाच खुर्चीवर बसलेली बाई म्हणजे दीपमाला. अमर जीपवाल्याची बायको. त्या खुर्चीचा एक पाय तीनदा बदलला, पण बाई तीच. पुढ्यात टाइपिंगची मशीन, पायाशी कागदांची पिशवी आणि समोर गिऱ्हाईक. कोणाला वारसाचं प्रतिज्ञापत्र हवं, कोणाला नावातल्या बदलाचं, कोणाला शिक्षणात पडलेल्या खंडाचं. माणूस तोंड उघडायच्या आधीच त्याला काय पाहिजे ते आपल्याला कळतं, असं ती स्वतःच सांगायची. बरेचदा ते खरंही असायचं.

शेजारीच कोर्ट. तिथले नवे वकील, मिसरूड फुटलेले, तिच्याकडे यायचे आणि हळूच विचारायचे, "ताई, हे कसं लिहायचं असते?" ती सांगायची. ते काळा कोट झटकत आत जायचे आणि ही बाहेर बसून राहायची. असं चौदा वर्षं पाहिल्यावर कोणाच्याही मनात येईल तेच तिच्याही मनात आलं. मुलगी लहान असताना मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं होतंच. वकिलीच्या प्रवेशाला आता परीक्षा द्यावी लागते, दीडशे प्रश्न, दीडशे मार्क, दोन तास, हेही तिने काढून आणलं. पंच्याऐंशीच्या वर गेलं तर यवतमाळच्या कॉलेजात जागा मिळावी, असा अंदाज सराव परीक्षा घेणाऱ्या सेवादास गुरुजींनी सांगितला. त्याखाली राहिलं तर दुसऱ्या कोणत्या तरी शहरात. आणि दुसरं शहर म्हणजे दीपमालेसाठी काहीच नाही. यवतमाळला सकाळी अमरच्या जीपमध्ये बसून जाता येतं, संध्याकाळी परत येता येतं. घरी आठवीतली पोरगी, सासूचे गुडघे कामातून गेलेले. तिची वकिली पंच्याऐंशीच्या आकड्याला टांगलेली होती, एवढं सरळ.

हे सगळं तिने निकिताला सांगितलं. ही आपली पहिली चूक, असं ती पुढे सहा महिने म्हणत होती.

निकिता म्हणजे शेजारच्या टेबलावरची. बावीस वर्षांची पोरगी, बोरीकडच्या सदाशिवरावांची. बी.एस्सी. होऊन घरी बसली होती, बापाने कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन दिला आणि शेडात टेबल टाकून दिलं. प्रतिज्ञापत्राची सुरुवात कशी करायची, शेवट कसा करायचा, सही कुठे आणि फोटो कुठे, हे सारं दीपमालेनेच तिला शिकवलं. आपल्या हाताने शिकवलं आणि मग रोज पाहत बसली.

त्या वर्षी कापसात गुलाबी बोंडअळी आली होती. हिरवंगार बोंड दिसायचं, फोडलं की आत सडका कापूस. नुकसानभरपाईच्या तक्रारीसाठी सरकारने एक फॉर्म काढला, त्याला लोक जी फॉर्म म्हणायचे, आणि गावंच्या गावं तो फॉर्म भरायला कचेरीपुढे उभी राहू लागली. दीपमालेला प्रत्येक कागद पहिल्यापासून बडवावा लागे. निकिताच्या कॉम्प्युटरात तो तयार बसलेला. नाव बदललं, गट नंबर बदलला, बटण दाबलं, कागद बाहेर. मग लोकांनी पद्धतच पाडली. काय लिहायचं ते दीपाताईला विचारायचं आणि कागद काढायचा निकिताकडून. फुलउमरीच्या तांड्याचा हिरासिंग तर तोंडावर म्हणाला, "ताई, तुमचं डोकं आन तिची मशीन. दोघी मिळून एकच दुकान करा न."

दीपमाला हसली. त्या दिवशी तिने चहा अर्धा सोडला.

अभ्यासाचं ठिकाण होतं बुद्धविहाराची अभ्यासिका. तिथे दर रविवारी सेवादास गुरुजी सराव परीक्षा घ्यायचे. गुरुजी निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, तांड्यातून शिकून वर आलेले. कायदा त्यांना काडीचा येत नव्हता. ते घड्याळ लावायचे, पेपर गोळा करायचे, उत्तरं छापलेल्या पुस्तकाशी ताडून मार्क द्यायचे आणि फळ्यावर खडूने नावापुढे आकडा लिहायचे. बसणाऱ्या दोन-चार पोरी यायच्या-जायच्या, कायमच्या दोघीच, दीपमाला आणि तिचं ऐकून परीक्षेला बसलेली निकिता.

पहिल्या रविवारी दीपमाला अठ्ठावन्न, निकिता चव्वेचाळीस. दुसऱ्या रविवारी सहासष्ट आणि त्रेपन्न. तिसऱ्या रविवारी चौऱ्याहत्तर आणि साठ. दीपमालेला निकिताचं तेव्हा फार कौतुक वाटायचं. "येईन तुले बी. अभ्यास करत जाय," असं ती तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची.

मग दीपमाला अडली. चौऱ्याहत्तर. पुढच्या रविवारी पंच्याहत्तर, त्याच्या पुढे त्र्याहत्तर, पुन्हा चौऱ्याहत्तर. जणू गुरुजी तिचा आकडा पुसतच नव्हते. निकिता मात्र अडुसष्ट, शहात्तर, ब्याऐंशी अशी चढत गेली. ज्या रविवारी ती पुढे गेली त्या दिवशी दीपमालेने पाठीवर हात ठेवला नाही.

आता मत्सर म्हणजे काय, तर तो पहिल्यांदा कानात येतो. निकिताचा प्रिंटर कुरकुर करायला लागला की दीपमालेला ते आपल्यालाच हसणं वाटे. चहावाला पहिला कप कोणाच्या टेबलावर ठेवतो, हे ती पाहू लागली. निकिताने नवी ओढणी घेतली तर 'अभ्यासाच्या दिवसात बरं सुचते', आणि जुनीच घातली तर 'पहा कशी साधेपणा दाखवून राह्यली'. पोरीला कुठल्याच बाजूने सुटका नव्हती. आणि पोरगी आपली रोज सकाळी "जयभीम, दीपाताई" म्हणून दोघींचं टेबल पुसत होती, त्याचाही राग यायचा.

घरी अमर जीप धुता धुता विचारायचा, "आज शेजारीण किती?"

"माह्या मार्काचं विचारत नाई, तिच्या मार्काचं विचारता?"

"तुह्ये तं माईत हायत मले. चौऱ्याहत्तर."

त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं. अमरने निमूट खाल्ली.

तिला वाटलं, निकिताजवळ पुण्याचं एखादं महागडं पुस्तक असेल. मग वाटलं, गुरुजी तिला आधी पेपर दाखवत असतील. गुरुजींसारख्या माणसाबद्दल असं मनात आलं याची तिला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून विचार काही गेला नाही. इंग्रजी तिने वाढवलं, सामान्य ज्ञानाच्या वह्या पाठ केल्या, पहाटे उठून तर्काची कोडी सोडवली. तिकडे चार मार्क वाढले की कुठून तरी चार निघून जायचे. कुठून जातात ते तिने शोधलं नाही, कारण कायद्याचे प्रश्न ती तपासतच नव्हती. कायदा तर तिचा घरचाच. तिथे चूक निघाली की चूक पुस्तकाची.

हे प्रश्न कसे असायचे ते सांगते. आधी एक तत्त्व दिलेलं असे, मग एक घटना, मग विचारायचे की तत्त्वाप्रमाणे उत्तर काय. एका रविवारी आला तो असा. तत्त्व: एकाने विकायचा प्रस्ताव दिला आणि दुसऱ्याने होकार कळवला, तरच करार होतो, नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. घटना: 'क' ने 'ख' ला बैलजोडी अमुक किमतीला घेशील का विचारलं, 'ख' काही बोलला नाही. करार झाला का?

दीपमालेने लिहिलं, झाला. गुरुजींनी पुस्तक पाहून सांगितलं, "नाही झाला."

"कसा नाई होत गुरुजी? बैलबाजारात कोन तोंडानं बोलते? रुमालाखाली हात धरते, बोटं दाबते, सौदा होते. हात सोडवून नाई घेतला म्हनजे झाला. दोन केसा टाइप केल्या म्या अशा."

"हो, ते बी खरंच हाय," गुरुजी म्हणाले. त्यांनाही त्या केसा ऐकायच्या होत्या. मग अर्धा तास दीपमालेने दोन्ही केसा सांगितल्या, कोण फिरला, कोणाचा बैल लंगडा निघाला, साहेब काय म्हणाले. साऱ्यांनी ऐकल्या. मार्क मात्र गुरुजींनी दिला नाही, पुस्तकात ते उत्तर नव्हतं म्हणून. निकिता मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

ती वही दीपमालेच्या डोक्यात बसली.

तीन दिवसांनी दुपारी निकिताच्या प्रिंटरची शाई संपली. "ताई, टेबलाकडे ध्यान ठेवा, बसस्टँडहून शाई आनतो," म्हणून ती गेली. दीपमालेने ध्यान ठेवलं. पहिल्यांदा टेबलावर ठेवलं, मग ड्रॉवरवर, मग ड्रॉवर थोडा उघडा दिसला म्हणून पूर्ण उघडला. वही वरच होती. निळ्या पुठ्ठ्याची, साधी.

प्रत्येक पानावर एक प्रश्न होता. खाली रेघ मारून दोन खाने पाडलेले. डाव्या खान्यावर लिहिलं होतं, 'दीपाताई काय म्हणतील'. उजव्यावर, 'कागद काय म्हणते'. बैलजोडीच्या पानावर डावीकडे: 'झाला. बाजारात असंच असते.' उजवीकडे: 'नाही झाला.' बकरी चोरीच्या पानावर डावीकडे: 'गुन्हा नाही, गावात मिटवतात.' उजवीकडे: 'चोरी.' पुढच्या पानावरही तसंच. अशी बावीस पानं. शेवटी एका पानाच्या कडेला निकिताने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: ताईचं उत्तर आठवलं की थांबायचं. कागद पुन्हा वाचायचा.

दीपमाला उभी होती ती खुर्चीवर बसली. निकिताच्या खुर्चीवर.

निकिता शाई घेऊन आली तेव्हा वही टेबलावर उघडी होती. दोघींनीही लपवालपवी केली नाही.

"कवापासून दिसून राह्यलं होतं तुले?" दीपमाला म्हणाली.

"चवथ्या रविवारपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

निकिता शाईच्या डब्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुमाले कोन सांगन ताई? गुरुजी सांगत होते तं तुमी त्यायलेच केसा ऐकवल्या."

"गुरुजीचं सोड. तू सांगायचं होतं."

"हो, सांगायचं होतं." निकिताने वर पाहिलं. "सारे लोक तुमालेच विचारतात. माह्याकडे कागद काढाले येतात न् तोंड तुमच्याकडे करून बसतात. दोन वर्ष झाले, मले कोनी एक गोष्ट विचारली नाई. एकदा तरी फळ्यावर तुमच्यावर नाव असावं, वाटलं मले."

आपण जिच्यावर जळतो ती आपल्यावर जळत असेल, हे दीपमालेच्या हिशेबातच नव्हतं. तिने वही बंद केली, आपल्या खुर्चीवर गेली आणि त्या दिवसाचे उरलेले सगळे कागद चुकीच्या तारखेने टाइप केले.

तीन दिवस ती निकिताशी बोलली नाही. चौथ्या दिवशी रविवार आला. आता दुखणं कळलं, म्हणजे बरं झालंच, असं तिला वाटत होतं. तिने पेपरात कायद्याच्या प्रत्येक प्रश्नात आपल्याला जे वाटेल त्याच्या उलट लिहिलं. पडले एकोणसत्तर. कारण कधीकधी गावात होतं तेच कागदावरही असतं, आणि तिथेही हिने उलटं लिहिलं. गुरुजींनी एकोणसत्तर लिहिताना खडू हळू फिरवला. त्याच रविवारी निकिता एक्याण्णववर गेली.

अमरने त्या दिवशी काही विचारलं नाही. जेवताना तिनेच सांगितलं. वहीचंही सांगितलं.

"मंग त्या 'क' अन् 'ख' ची एवढी काळजी कायले करते तू?" अमर म्हणाला. "ते का तुह्ये गिऱ्हाईक हायत?"

खरी गोम तीच होती. दीपमालेला 'क' दिसतच नव्हता. 'क' म्हटलं की हिरासिंग दिसायचा, 'ख' म्हटलं की त्याचा चुलतभाऊ देवीलाल दिसायचा, आणि एकदा माणसं दिसली की त्यांचं पुढे काय झालं तेही दिसायचं. चौदा वर्षांत तिच्यापुढे इतकी माणसं बसून गेली होती की एकही अक्षर रिकामं उरलं नव्हतं.

वाट तिला सापडली ती कामावरच. एक माणूस तिला बसून सरळ खोटं प्रतिज्ञापत्र सांगत होता. भावाचा हिस्सा आपल्या नावाने लिहून घेत होता, ते शेडातल्या साऱ्यांना कळत होतं. बोलून पाहिलं, तो ऐकेना. मग, "हे खोटं निघालं तं तुमीच आत जासान," एवढं सांगून तिने मशीनवर हात ठेवले आणि तो बोलेल ते टाइप करू लागली. करता करता तिच्या लक्षात आलं, की हात कळांवर असताना आपण वाद घालत नाही. समोरचा जे बोलतो ते आणि तेवढंच कागदावर उतरतं. डोकं नंतर बोलतं.

त्या दिवसापासून तिने सरावाचे प्रश्न टाइप करायला घेतले. आधी तत्त्व, मग घटना, शब्दाला शब्द. शेवटचा पूर्णविराम पडला की हात उचलायच्या आत उत्तरावर खूण करायची. डोक्याला बोलायला वेळ द्यायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की खटखट सुरू. शेडातले लोक म्हणायचे, दीपाताईकडे काम फार वाढलं. निकिता ऐकत असायची. कळत होतं तिला.

एकोणऐंशी. मग ब्याऐंशी. मग एका रविवारी फळ्यावर दीपमालेपुढे शहाऐंशी आले आणि गुरुजींनी आकड्याखाली रेघ ओढली. दीपमालेने आधी आपला आकडा पाहिला, की निकिताचा? निकिताचा. चौऱ्याण्णव होता. शहाऐंशीचा आनंद तिला घरी जाईपर्यंत झालाच नाही.

परीक्षा उन्हाळ्याच्या शेवटी, अमरावतीला, कॉम्प्युटरवर. तिथे मशीन कुठून आणणार? दीपमालेने प्रश्न वाचता वाचता टेबलाच्या कडेवर बोटांनी टाइप केलं, तत्त्व आधी, घटना मग. देखरेखीवरची बाई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, टेबल काहून वाजवून राह्यल्या? बाजूच्या पोराले त्रास होते."

"वाजवत नाई, लिहून राह्यली," दीपमाला म्हणाली आणि बोटं मांडीवर घेतली.

निकाल लागला. दीपमाला अठ्ठ्याऐंशी, निकिता सत्याण्णव. यवतमाळच्या कॉलेजची यादी लागली तीत निकिता सातवी आणि दीपमाला एकोणतिसावी. नाव होतं. अमरने जीपमधल्या साऱ्या सवाऱ्यांना पेढे वाटले. "आता तं झालं न मनासारखं?" तो म्हणाला.

"झालं," दीपमाला म्हणाली. "पन ती सातवी हाय."

प्रवेशाच्या दिवशी दोघी अमरच्याच जीपमधून निघाल्या, पुढच्या सीटवर, मांडीवर कागदांच्या पिशव्या. निकिता आपली यादी पुन्हा पुन्हा तपासत होती. दीपमालेने तिच्या पिशवीत नजर टाकली. मार्कलिस्ट, दाखला, फोटो, आधार. खंडाचं प्रतिज्ञापत्र नव्हतं. निकिताचं शिक्षण थांबून दोन वर्षं झाली होती.

"खंडाचा कागद?" दीपमालेच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. निकिताच्या हातातल्या छापील यादीत लिहिलं होतं, दोन वर्षांपेक्षा जास्त खंड असल्यास प्रतिज्ञापत्र. निकिताने कागद वाचला होता, कागदाप्रमाणे तिला लागत नव्हतं. पण दीपमालेला चौदा वर्षांत एकही खिडकी अशी माहीत नव्हती, जिने एका वर्षाच्या खंडालाही कागद मागितला नाही. नसला की परत पाठवतात. आणि आज शेवटचा दिवस होता.

बोरी गेलं. सातवी गळाली तर एकोणतिसावी अठ्ठाविसावी होते, याने तिला काहीही मिळणार नव्हतं, तिची जागा पक्कीच होती. तरी तिने ते मनात एकदा करून पाहिलं. बरं वाटलं. ते बरं वाटणं लपवण्यात अर्थ नाही, चांगले दहा-बारा मैल टिकलं. मधेच निकिताने पिशवीतून पेरू काढला आणि दोन तुकडे करून मोठा तिला दिला. दीपमालेने तो खाल्लाही.

लोहारा आलं, यवतमाळची घरं दिसू लागली, तेव्हा ती म्हणाली, "खंडाचं प्रतिज्ञापत्र केलं का तू?"

"मले नाई लागत ताई. हे पहा न, दोन वर्षांपेक्षा जास्त..."

"कागदाचं ठेव बाजूले. खिडकीवरचा बाबू काय म्हनन ते मी सांगतो. अमर, तहसीलीकडून घ्या गाडी."

निकिताने यादी खाली ठेवली. "बोरीपासून माईत होतं का तुमाले?"

"दारव्ह्यापासून," दीपमाला म्हणाली.

निकिताला राग आला होता, ते दिसत होतं. पण ती हिशेबाची पोरगी होती. "माह्यापेक्षा लवकर सांगतलं तुमी," एवढं म्हणून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

यवतमाळच्या कचेरीपुढे टायपिस्टांपुढे रांग होती. दीपमालेने एका म्हाताऱ्या टायपिस्टाला दोन शब्द सांगितले आणि त्याच्या खुर्चीवर स्वतः बसली. 'मी, खाली सही करणारी, निकिता सदाशिवराव...' पाच मिनिटांत कागद निघाला. साहेबापुढे शपथ होऊन शिक्का बसेपर्यंत दीड वाजला. धावतपळत कॉलेजात पोचल्या तेव्हा खिडकीवर पाच-सहा जण उरले होते. बाबूने निकिताचे कागद घेतले, चाळले आणि मान वर न करताच म्हणाला, "खंडाचं प्रतिज्ञापत्र?"

निकिताने ते पुढे केलं. दीपमाला तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती, शिक्का नीट उमटलाय की नाही.

"पालकांनी मागे थांबा जी," बाबू म्हणाला.

निकिता हसली. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं हसली, खिडकीला धरून.

"हास, हास," दीपमाला म्हणाली आणि आपली पिशवी खिडकीवर ठेवली. "पालक नाई बाबूसाहेब, एकोणतिसावी हाय मी. अन् हिची सातवी जागा पयल्या परीक्षेपर्यंतचीच हाय, हे लिहून घ्या."

बाबूने ते लिहून घेतलं नाही. त्याने तिचं नाव लिहून घेतलं.